तांड्याचा टाका परदेशी ठरला

संपादकांचा फोन आला. "ताई, नोकरीतल्या गोड आठवणी लिहा. दिवाळीचा अंक आहे." गोड आठवणी माझ्याकडे नाहीत असं नाही. पण लिहायला बसलं की त्या हाताशी येत नाहीत. येते ती एकच, आणि ती आली की समोरचा चहा निवून जातो. तेव्हा वाचकांनी फराळ आधी उरकून घ्यावा.

मी काय काम करत होते ते आधी सांगते, कारण आमच्या हिंगोलीत त्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. माझ्या मावसभावाला वाटतं, मी विमानतळावर सोनं पकडायचे. शेजारच्या काकू 'ही दिल्लीत सोयाबीनचे भाव ठरवते' अशी माझी ओळख करून द्यायच्या, आणि भाव पडला की माझ्याशी बोलणं टाकायच्या. माझे वडील कनेरगाव नाक्यावर शिलाई मशीन टाकून बसायचे. त्यांना कुणी विचारलं, "पोरगी काय करून राहिली दिल्लीत?" की ते म्हणायचे, "भांडून राहिली. पगार घेऊन." सगळ्यांत बराबर उत्तर त्यांचंच होतं.

दोन देश एकमेकांशी व्यापाराचा करार करतात. तुमचा अमुक माल आमच्याकडे आला तर आम्ही त्यावर कर घेणार नाही, आणि आमच्या तमुक मालावर तुम्ही घेऊ नका. बोलायला सोपं आहे. पण अमुक म्हणजे नेमका कोणता माल, यावर शेकडो पानं लिहावी लागतात. ती लिहायची, त्यांचा अर्थ लावायचा आणि कुणी वाकडा अर्थ लावला तर त्याला अडवायचं, हे माझं काम. एकदा आम्ही पापडावर भांडलो. समोरच्यांचं म्हणणं, तळलेला पापड म्हणजे खाऊ, त्यावर कर वेगळा. आणि कच्चा पापड म्हणजे पीठ, त्यावर वेगळा. मी विचारलं, "आणि भाजलेला?" त्यांच्याकडचे एक वयस्कर गृहस्थ पेन खाली ठेवून इतके हसले, की बैठक चहासाठी थांबवावी लागली. पुढे कुठल्याही परिषदेत मला पाहिलं की ते लांबूनच विचारायचे, "भाजलेला?" ही झाली गोड आठवण. संपादकांचं मन राखलं. आता दुसरी.

करारातला सगळ्यात चिवट भाग म्हणजे माल कोणत्या देशाचा, हे ठरवणं. भारतातून निघाला म्हणून तो भारताचा होत नाही. तसं असतं तर कुणीही तिसऱ्याच देशातून छत्र्या आणल्या असत्या, इथल्या गोदामात त्यांवर चिठ्ठी डकवली असती आणि बिनकराच्या पुढे रवाना केल्या असत्या. म्हणून नियम असा, की वस्तूत बाहेरून आणलेला कच्चा माल असेल तर त्याची किंमत वस्तूच्या किमतीच्या ठरलेल्या हिश्श्याच्या आत हवी. बाकीचा हिस्सा इथल्या मालाचा आणि इथल्या कष्टाचा. आता वस्तूची किंमत कोणती धरायची? दुकानातली धरायची नाही, मधल्या व्यापाऱ्याचीही नाही. वस्तूला लागलेला माल, अधिक ज्याने ती बनवली त्याच्या हातावर जेवढे पडले, ती तिची किंमत. हा नियम मी नव्या पोरापोरींना वर्षानुवर्षं शिकवला. शिकवताना मला तो फार न्यायाचा वाटायचा.

निवृत्तीला काही वर्षं उरली असताना माझ्याकडे एक प्रकरण आलं. भरतकामाच्या पिशव्या आणि उशांचे अभ्रे. ज्या देशात माल जात होता त्यांच्या सीमाशुल्क खात्याला शंका होती, की हा माल भारताचा नाही. पाठवणारा दिल्लीचा निर्यातदार. आणि बनवणारा? औंढा नागनाथ तालुक्यात, सिद्धेश्वर धरणाजवळच्या एका तांड्यावरचा महिलांचा गट.

मी ते पान पुन्हा वाचलं. तांड्यावरच्या बायका मी लहानपणी हिंगोलीच्या बाजारात बघितलेल्या. घेरदार घागरे, म्हणजे फेटिया, आणि कांचळी नावाच्या चोळीवर आरसे आणि कवड्या. बाई उन्हात वळली की समोरच्या दुकानाच्या फळीवर कवडसे पळायचे. रस्ते नव्हते तेव्हा त्यांच्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून अख्खा मुलूख पालथा घातला. या देशाचा व्यापार ज्यांच्या बैलांनी वाहिला, त्यांच्या लेकीसुनांच्या हातचं काम या देशाचं आहे का, असं आता कुणीतरी विचारत होतं.

माझ्या वरिष्ठांनी कागद चाळले. "हिंगोली? हे कुठे आलं?"

"माझा जिल्हा आहे, सर."

"अच्छा! म्हणजे हे तुमचेच लोक."

"नाही सर. ते बंजारा. मी बौद्ध."

"अहो, तसं नव्हतं म्हणायचं मला," ते गडबडून म्हणाले. त्यांना तसंच म्हणायचं होतं. नोकरीभर मी हे ऐकत आले. मी पोलादाच्या करावर बोलले तर तो अभ्यास, आणि तांड्यावर बोलले की 'तुमचे लोक'. गिरणीमालकांसाठी दिवसभर फोन फिरवणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र ते तुमचे कोण लागतात, असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

मग तो निर्यातदार भेटायला आला. भसीन त्याचं नाव. हातात मिठाईचा डबा, चेहऱ्यावर भलतीच आपुलकी.

"मॅडम, छोटी सी बात है," तो म्हणाला. "कापड आणि आरसे बाहेरून मागवलेत, तिथे गाडी अडलीय. आपण ते इथलेच दाखवू. बिलं मी आणून देतो."

"म्हणजे खोटी बिलं."

"कुणाला कळणार आहे?"

"मला कळलं ना आत्ता." मी डबा त्याच्याकडे सरकवला. "त्या बायकांना एका पिशवीमागे काय देता?"

त्याने आकडा सांगितला. तो मी इथे लिहीत नाही; लिहिला तर छपाईची चूक वाटेल. माझा चेहरा बघून तो म्हणाला, "उनके लिए बहुत है, मॅडम. घर बैठे मिलता है."

घर बैठे! पहाटे पाणी भरायचं, भाकरी थापायच्या, दिवसभर रानात राबायचं आणि दुपारच्या सावलीत, संध्याकाळच्या उजेडात जो वेळ उरेल त्यात सुई धरायची, याला दिल्लीत 'घरी बसणं' म्हणतात.

थोड्या दिवसांनी त्या देशाचा एक अधिकारी प्रत्यक्ष तपासणीला आला. करारात तशी तरतूद असते. त्याच्याबरोबर दुभाषी म्हणून आणि आपल्या सरकारच्या वतीने मी गेले. भसीनही दुसऱ्या गाडीतून आला. तांड्यावर लिंबाखाली सतरंज्या अंथरल्या होत्या. गटाच्या प्रमुख शेवंताबाई पुढे आल्या. माझ्याच वयाच्या असतील. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथे लाल दोरा लावून तो कानामागे अडकवलेला. मी टेकायच्या आतच त्यांनी विचारलं, "म्याडम, काय चुकलं आमचं?"

"तुमचं? काहीच नाही."

"मग भसीनसाहेब काहून म्हन्ले, तुमच्या कामात खोट निघाली म्हून माल अडकला? आमच्या जमुनानं तवापासून सुई धरली न्हाई. तिला वाटलं तिच्याच हातून काय झालं."

जमुना मागे बसली होती, पंचविशीची, मांडीवर लेकरू घेऊन. तिने मान खाली घातली. मी भसीनकडे बघितलं. तो मोबाइलमध्ये बघत होता.

"कामात खोट नाही," मी मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हे साहेब कापड आणि आरसे कुठले, एवढंच बघायला आलेत."

"ते तं त्यायनंच दिले," शेवंताबाईंनी भसीनकडे बोट केलं. "आमी म्हन्लं, आमच्याकडचं जाडं कापड घ्या, त्याच्यावर टाका बराबर बसतो. तं म्हन्ले न्हाई, तिकडल्या लोकायला हेच पायजे. आरसे बी त्यायचेच."

अधिकारी शांत, नम्र माणूस होता. त्याने एक पिशवी घेतली, उलटी केली आणि आतली बाजू बघत राहिला. मागून टाका पुढच्याइतकाच साफ होता. त्याने मला विचारलं, एका पिशवीला किती वेळ लागतो?

"रानातलं, घरचं सांभाळून करावं लागतं," शेवंताबाई म्हणाल्या. "बाई पुनवंला धरती अन् आवसंला सोडती. कवा कवा आवस बी पुरत न्हाई."

मग त्याने विचारलं, याचे तुम्हाला किती मिळतात? बायकांनी भसीनकडे बघितलं. शेवंताबाईंनी नाही बघितलं. त्यांनी आकडा सांगितला आणि मी तो त्याच्या भाषेत सांगितला.

"तासाला?" त्याने विचारलं.

"नाही. पूर्ण पिशवीचे."

त्याने वही काढली. मग त्याने आकडेमोड केली, पुन्हा तपासली आणि मला म्हणाला, "माफ करा. पण या किमतीला ही वस्तू तुमच्या देशाची ठरत नाही."

आणि हे वाक्य मला मराठीत सांगायचं होतं. जगातल्या मोठमोठ्या सभागृहांत मी बोललेय. इतकं अवघड भाषांतर कुठे करावं लागलं नव्हतं.

"ते म्हणतात," मी म्हणाले, "तुम्हाला मिळणारे पैसे इतके कमी आहेत, की पिशवीत तुमच्या कामापेक्षा कापडाचा आणि आरशांचाच हिस्सा मोठा झालाय. ते बाहेरचे. म्हणून पिशवीही बाहेरची."



"म्हंजी," शेवंताबाई सावकाश म्हणाल्या, "आमाला कमी यायनं दिलं, अन् त्याच्यामुळं काम बी आमचं ऱ्हायलं न्हाई?"

"व्हय." माझ्या तोंडून घरची भाषा निघाली.

"असा कायदा हाय?"

"असाच हाय."

"लिहिनाऱ्याच्या घरात कुनी सुई धरत नसंल," त्या म्हणाल्या.

मला राग येतो तेव्हा माझा आवाज चढत नाही, उलट खाली जातो. खालच्या आवाजात मी भसीनला म्हणाले, "उपाय साधा आहे. हेच कापड, हेच आरसे, हेच हात. यांना कामाचे नीट पैसे द्या. यांच्या हातावर पडणारी रक्कम वाढली, की कापडाचा हिस्सा आपोआप खाली येतो आणि माल भारताचा ठरतो. कर माफ. तुमच्या नफ्यातला थोडा भाग जाईल, एवढंच."

मी हे अधिकाऱ्यालाही सांगितलं. त्याने मान हलवली. हिशेब बरोबर होता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नियमांचं पुस्तक एका बाईच्या मजुरीच्या बाजूने उभं होतं.

भसीन हसला. "मॅडम, आप इनकी आदत बिगाड़ देंगी. आज यांना वाढवून दिलं तर उद्या सगळे तांडे मागतील."

"मागू देत की."

"मग गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल."

मी अधिकाऱ्याला विचारलं, तुमच्या देशात ही पिशवी कितीला विकली जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे ना? तो म्हणाला, ठाऊक आहे, पण तो माझ्या तपासणीचा विषय नाही. तो माणूस वाईट नव्हता. समोर आलेला चहा त्याने संपवला, सगळ्यांना हात जोडले. पण एवढा अन्याय डोळ्यांसमोर मोजून 'माझा विषय नाही' म्हणणाऱ्या चांगल्या माणसांचं काय करायचं, हे मला अजून समजलेलं नाही.

शेवंताबाई उठल्या. "साहेब, जुन्या भावात आता एक टाका पडनार न्हाई."

"आक्का," जमुना हळूच म्हणाली, "हातचं काम जाईल."

"जाऊ दे. कमी बी द्यायचं अन् आपल्याच कामाला खोट लावायची. तू त्याच्यापायी रडून राहिलीस इतके दिस."

जमुनाने लेकराला खांद्यावर घेतलं आणि ती शेवंताबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मग एकेक करून बाकीच्याही. भसीनने चहाचा कप अर्धाच ठेवला आणि गाडीकडे गेला.

दिल्लीला येऊन मी अहवाल लिहिला. म्हटलं, निदान कायद्याने ठरलेली मजुरी धरून किंमत काढा. उत्तर आलं: किंमत म्हणजे जी दिली ती, जी द्यायला हवी होती ती नव्हे. व्याकरणात कुठे चूक नव्हती. मालावर पूर्ण कर लागला आणि तांड्यावरचं काम थांबलं.

गोष्ट इथे संपली असती तर मी गिळली असती. पण काही महिन्यांनी, माल भारताचा असल्याच्या दाखल्यासाठी, भसीनचा नवा अर्ज आला. दिल्लीजवळ त्याने कारखाना काढला होता. नमुने माझ्या टेबलावर मांडले गेले. तीच नक्षी, तेच रंग, तीच कोपऱ्यातली कवड्यांची ओळ. टाके संगणकावरच्या मशीनने मारलेले, आरसे डिंकाने चिकटवलेले. कापड तेच, बाहेरचं. पण आता बनवणारा आणि विकणारा एकच होता, त्यामुळे त्याची सगळी किंमत बनवणाऱ्याची धरली गेली आणि कापडाचा हिस्सा मर्यादेत बसला. मशीनचा माल अस्सल भारतीय ठरला. दाखला अडवायला माझ्याकडे कलमच नव्हतं. आणि पिशवीला आत एक सुबक पट्टी शिवलेली: 'भटक्या बंजारा स्त्रियांच्या परंपरेतून.'

मी ती पिशवी तशीच उचलून वरिष्ठांच्या खोलीत गेले.

"हे चोरलंय, सर."

त्यांनी पिशवी बघितली. "छान आहे की. नियमात बसतं ना?"

"बसतं."

"मग?"

त्या एका 'मग'ला उत्तर द्यायला मी उरलेली नोकरी घातली. कराराचा फेरविचार होणार होता. मी त्यात एक छोटं कलम घातलं: हाताने केलेलं भरतकाम, कापड कुठलंही असो, ज्या देशातल्या हातांनी केलं त्या देशाचं मानावं. शेवंताबाईंना फोनवर कळवलं, इतर राज्यांतल्या कारागिरांच्या संघांकडून पत्रं मिळवली, समोरच्या देशाची मनधरणी केली. ते जवळजवळ तयार होते. मसुद्यात कलम शेवटच्या बैठकीपर्यंत टिकलं. त्या बैठकीत त्यांना दारूवरचा कर कमी करून हवा होता, आपल्याला यंत्रांच्या सुट्या भागांचं काहीतरी. देवाणघेवाण सुरू झाली. बाहेर व्हरांड्यात, कॉफीचे कप हातात घेऊन, आमच्या वरिष्ठांनी काही कलमं सोडली. आत येताना मला म्हणाले, "ते तुमचं शिवणकामाचं सोडावं लागलं. मोठं काही मिळवायचं तर छोटं द्यावंच लागतं."

शिवणकाम! माझा बाप आयुष्यभर शिवणकाम करत होता. शिवण कुठे संपते आणि भरतकाम कुठे सुरू होतं, हे मी शाळेत जायच्या आधी शिकले. ज्यांना एवढाही फरक माहीत नव्हता, त्यांनी ते देऊन टाकलं. ज्याचं आहे त्याला न विचारता, नेहमीसारखं. मी भर बैठकीत उभी राहिले आणि माझा विरोध नोंदवून घ्यायला लावला. इतिवृत्तात एक ओळ आली: 'एका सदस्याने वेगळं मत मांडलं.'

निवृत्त झाले आणि हिंगोलीला येऊन राहिले. सगळ्यात आधी तांड्यावर गेले. कलमाचं काय झालं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. शेवंताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "तुमी भांडल्या, हे आमाला ठावं हाय," एवढंच म्हणाल्या, आणि मला जेवायला बसवलं. भसीनचं काम सुटल्यावर काही बायका ऊसतोडीला गेल्या होत्या, हे मला जेवताना कळलं. बाकीच्यांनी मात्र आपल्या जाड्या कापडावर, आपल्या भावाने, पुन्हा काम सुरू केलं होतं आणि शिवरात्रीला औंढ्याच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुकान मांडायचं ठरवलं होतं. मीही गेले.

गर्दी होती. शेवंताबाई आणि जमुना चादर पसरून बसल्या होत्या. मी मागे एका खोक्यावर. मोटारीतून उतरलेला एक जण थांबला, पिशवी हातात घेतली आणि मोबाइल पुढे केला. "हे बघा मावशी, सेम डिझाइन. अर्ध्या किमतीत. घरपोच."

मोबाइलमधली ती भसीनची पिशवी मला लांबूनही ओळखू आली.

"घरपोच हाय तं इथवर काहून आले?" शेवंताबाई म्हणाल्या.

जमुना तोंडाला पदर लावून हसली. माझं मात्र डोकं फिरलं. मी उठले आणि त्या माणसाला सांगायला लागले: ही नक्षी कुणाची, ती उचलली कुणी, आरसे डिंकाने कसे चिकटवतात, दाखला कुणाला मिळाला आणि कुणाला नाही. दिल्लीत इतिवृत्तात एका ओळीत कोंबलेलं सगळं तिथे रस्त्यावर बाहेर पडलं. तो मागे मागे सरकत गेला. लोक थांबले. मी त्यांच्याकडे वळले. आयुष्यभर मी या देशाचा माल कागदावर विकला होता. त्या दिवशी पहिल्यांदा नरडं फाडून ओरडले, "या! बघा! हातचं काम आहे! आमच्या हिंगोलीचं आहे!"

शेवंताबाईंनी माझा पदर धरून मला खाली बसवलं.

"ताई, जरा हळू वरडा," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक भिऊन पळून राहिलं."